रोजच्या लिखाणाची निळी शाई: घरच्या घरी पारख

निळी शाई दुकानात निवडता येत नाही. काउंटरवरच्या चिठोऱ्यावर दोन रेघोट्या मारल्या की कुठल्याही कंपनीची रॉयल ब्लू छानच दिसते, कारण ओली असताना प्रत्येक निळी शाई गडद आणि तजेलदार असते. फरक कळतो तो पुढे. दोनशेपानी वहीच्या पातळ कागदावर, जुलैच्या दमट हवेत, दप्तरात पाणी शिरल्यावर, खिडकीपाशी महिनाभर पडून राहिलेल्या पानावर. हे सगळं घरच्या टेबलावर मुद्दाम घडवून पाहता येतं. पैसे फारसे लागत नाहीत, सवड लागते. बऱ्याच चाचण्या थोड्या दिवसांत उरकतात. उजेडाच्या चाचणीला मात्र महिना द्यावाच लागतो.

सुरुवात बाटल्या आणण्यापासून करू नका. आधी एका कागदावर एका वाक्यात लिहा, की ही शाई मला कशासाठी हवी आहे. शाळेतल्या मुलासाठी, परीक्षेच्या सरावासाठी, रोजनिशीसाठी, की ऑफिसातल्या शेऱ्यांसाठी? हे आधी लिहायचं कारण असं, की शर्टावरून सहज धुऊन निघणारी शाई कागदावरूनही तितक्याच सहज जाते. जो गुण शाळकरी मुलाच्या आईला हवा असतो, तोच रोजनिशी लिहिणाऱ्याला नको असतो. दोघांना एकच बाटली ‘उत्तम’ म्हणून सुचवणारा माणूस एकाची तरी फसवणूक करत असतो. चेक, करारपत्रं, नोंदवह्या यांवर धुऊन जाणारी निळी शाई कधीच वापरू नये. ती किती स्वस्त आहे हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

मग शाया आणा. चार पुरेत, फार तर पाच. त्यांतली एक सध्या तुमच्या पेनात आहे तीच असू द्या, म्हणजे तुलनेला ओळखीचा आधार मिळतो. बाकीच्या पुढच्या यादीतून निवडा. एक कॅमलची रॉयल ब्लू घ्या. ती तालुक्याच्या गावीही मिळते, आणि रोजच्या शाईच्या बाबतीत संपल्यावर पुन्हा मिळणं हा मोठाच गुण आहे. या कंपनीची सुरुवातही शाईनेच झाली: दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायला काढल्या. रंगपेट्या आणि कंपासपेट्या नंतर आल्या. चेन्नईची ब्रिल ही दुसरी स्वस्त शाई. तिसरी कोलकात्याची सुलेखा. ती १९३४ मध्ये स्वदेशीच्या चळवळीतून राजशाहीला, म्हणजे आताच्या बांगलादेशात, मैत्र बंधूंनी सुरू केली. मधल्या काळात कारखाना बंद पडला होता. २०२० पासून तिच्या शाईपेनाच्या शाया पुन्हा दिसू लागल्या. चौथी पार्करची क्विंक. हीसुद्धा १९३१ चीच, आणि लवकर वाळते हा तिचा पहिल्यापासूनचा दावा. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर पेलिकनची ४००१ रॉयल ब्लू मापदंड म्हणून ठेवा. ही शाई पेनातून जरा हात राखून उतरते, त्यामुळे इतर शायांचा ओलेपणा तिच्याशेजारी ठेवला की चटकन लक्षात येतो.

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, अशा ठिकाणी बहुतेक शाया एका फेरीत मिळतात. सगळ्यांत लहान बाटली मागा. मित्रमैत्रिणींमध्ये बाटल्या वाटून घेतल्या तर आणखी बरं, कारण इथे सांगितलेल्या सगळ्या चाचण्यांना एका शाईचे चारपाच मिलिलिटर पुरतात. लेबल मात्र नीट वाचा. शाईपेनाच्या शाईशेजारीच वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक आणि शिक्क्याच्या पॅडची शाई ठेवलेली असते, आणि बाटल्या दिसायला सारख्याच. ड्रॉइंग इंकमध्ये वाळल्यावर पक्का थर धरणारा पदार्थ असतो. ती पेनात वाळली की निबेखालच्या फीडच्या बारीक पन्हळी बुजतात आणि पेन बहुधा कायमचं जातं.

बाकीचं साहित्य घरातलंच. सुई काढलेली सिरिंज, झाकण असलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, टिपकागद किंवा साधा टिश्यू, कापसाच्या काड्या, पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा, भिंग, नोंदींसाठी एक वही, पेन्सिल. पेन्सिल विसरू नका: सगळ्या नमुन्यांवर नावं पेन्सिलीनेच घालायची, कारण पाण्याच्या चाचणीत शाईने लिहिलेलं नावच आधी वाहून जाईल. आणि कागद. इथे काटकसर नको, पण चांगला कागदही नको. तुम्ही रोज ज्यावर लिहिता तोच घ्या: वहीचं पान, फुलस्केप, झेरॉक्सचा सत्तर-पंचाहत्तर जीएसएमचा कागद, असेल तर परीक्षेच्या पुरवणीसारखा पातळ कागद. भारी जपानी कागदावर वाईट शाईसुद्धा शहाण्यासारखी वागते, त्यामुळे तिथली परीक्षा आपल्या काही कामाची नाही.

सगळ्या शायांसाठी पेन एकच वापरायचं. दोन पेनांच्या निबा एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या असल्या तरी एक ओली चालते आणि एक कोरडी, आणि मग शाईचा दोष कुठला आणि निबेचा कुठला, ते सांगता येत नाही. मध्यम किंवा बारीक निबेचं, सवयीचं पेन घ्या. एक शाई काढून दुसरी भरताना साध्या गार पाण्याने धुवा. रबरी पिचकारीने निबेच्या मागून पाणी दाबलं तर काम लवकर होतं. गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच. काही प्लास्टिकं स्पिरिटने तडकतात. निळा रंग अगदीच चिकटून बसला असेल तर पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून धुवा, आणि मग स्वच्छ पाण्याने दोनदा. शेवटी निब खाली करून पेन टिश्यूवर उभं ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. ही रात्र वाचवायचा मोह होतो. पण फीडमध्ये उरलेलं पाणी पुढच्या शाईला पातळ करतं, आणि मग ती शाई फिकी आहे असा खोटाच निष्कर्ष वहीत जातो.

शाई भरताना बाटलीत निब बुडवू नका. सिरिंजने लहान बाटलीत थोडी काढून घ्या आणि तिथून भरा. उरलेली परत मोठ्या बाटलीत ओतू नका. दोन शाया एकमेकींत मिसळणं कटाक्षाने टाळा. एकीचा रंग आम्लात टिकणारा आणि दुसरीचा अल्कलीत, असं असेल तर गाळ धरतो.

आता लिहायला बसा. प्रत्येक शाईने, प्रत्येक प्रकारच्या कागदावर, तोच मजकूर, नेहमीच्या वेगाने. मजकूर कोणता, याला महत्त्व आहे. शायांच्या बहुतेक परीक्षा रोमन लिपीत झालेल्या असतात आणि आपली लिपी शाईची वेगळीच कसोटी घेते. देवनागरीत शिरोरेघ नुकत्याच लिहिलेल्या, अजून ओल्या असलेल्या अक्षरांवरून जाते. जिथे उभा दंड रेघेला मिळतो तिथे शाई दोनदा पडते. पातळ कागदावर पहिली गळती याच सांध्यांत दिसते. म्हणून पान उलटं करून पाहा: मागे अक्षरं उमटण्याआधी शिरोरेघेवर ठिपक्यांची ओळ दिसते. शब्द संपला की लगेच रेघ ओढणाऱ्याला आणि सगळी ओळ लिहून झाल्यावर एकदम रेघ मारणाऱ्याला एकाच शाईचा अनुभव वेगळा येतो, कारण दुसऱ्याच्या ओळीतली पहिली अक्षरं तोवर वाळलेली असतात. (मोडीत पानभर रेघा आधी आखून मग अक्षरं लिहीत, त्यामुळे ही अडचण तिथे उलट्या बाजूने येते.) दुसरी गोष्ट पोकळ्यांची. ‘श्रद्धा’, ‘क्षत्रिय’, ‘चिन्ह’, ‘उज्ज्वल’, ‘बुद्धिनिष्ठ’, ‘रुग्ण’, ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द मुद्दाम लिहा. शाई फार ओली असेल तर ‘द्ध’ची आतली जागा भरून जाते आणि अक्षर काळपट गोळ्यासारखं दिसतं. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व उकार यांच्याकडे भिंगातून पाहा. अनुस्वाराच्या टिंबाला बारीक केस फुटले असतील तर त्या कागदावर ती शाई फुटते, म्हणजे तंतूंतून पसरते. अशा शाईने लहान अक्षर लिहिणाऱ्याने त्या कागदाच्या वाटेला जाऊ नये.

पानभर लिहून झाल्यावर हाताला विचारा. निब खरखरली का? मध्येच रेघ तुटली का? ओळ सुरू करताना पहिली रेघ उमटली, की गिरवावी लागली? कोरड्या चालणाऱ्या शाईला लगेच नावं ठेवू नका. तुमचं पेन फार ओलं असेल, तर नेमकी कोरडी शाईच त्याला सावरते. स्वस्त पेन आणि स्वस्त शाई यांची जोडी अशीच जमवायची असते.

वाळण्याची चाचणी सोपी आहे. पाच छोट्या रेघा ओढा आणि अनुक्रमे ५, १०, १५, २०, ३० सेकंदांनी एकेकीवरून कोरडं बोट फिरवा. ज्या रेघेचा डाग लांबत नाही, तो त्या शाईचा वेळ. तीन तास भराभर उत्तरं लिहून पानं उलटणाऱ्याला दहा-पंधरा सेकंदांच्या पुढे वाळणारी शाई घेऊच नका असं मी सांगेन, आणि डावखुऱ्याला तर त्याहूनही कडक अट लावीन, कारण त्याचा हात लिहिलेल्यावरूनच पुढे जातो. हा आकडा हवेवर अवलंबून असतो, म्हणून वहीत ऋतूही लिहा. कोकणातल्या श्रावणात शाई वाळायला लावते तो वेळ आणि नागपूरच्या मे महिन्यातला वेळ, दोन्हींचा मेळ बसायचा नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाची अडचण उलटी: तिथे निबेवरच शाई वाळते. टोपण काढून पेन १ मिनिट, मग २, ५ आणि १० मिनिटं आडवं ठेवा आणि दर वेळी न झटकता लिहून पाहा. शिकवताना, बैठकीत बसलेलं असताना पेन असंच उघडं राहतं. मग टोपण लावून एक रात्र, आणि नंतर आठवडाभर ठेवून पुन्हा पाहा. आठवड्याने पहिली ओळ नेहमीपेक्षा गडद उमटली तर पाणी उडून शाई दाट झाली आहे. दोष शाईचा असेल किंवा टोपणाचा. तुमच्या नेहमीच्या शाईलाही तसंच होत असेल, तर टोपणाचाच. ड्रॉपरने भरायच्या पेनात निम्म्याहून कमी शाई उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून टपकन थेंब पडतो. त्यासाठी शाईला दोष देऊ नका, पेन भरून घ्या.

आता पाणी. लिहिलेलं पान पूर्ण दिवसभर वाळू द्या. मग तीन प्रकार करा. एका ओळीवर सिरिंजने पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभर थांबा आणि टिपकागदाने वरच्यावर टिपा, घासू नका. दुसऱ्या ओळीवरून ओलं बोट फिरवा. घामाच्या हातांनी वही हाताळल्यावर असंच होतं. तिसरी पट्टी कापून निम्मी पेल्यातल्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा. बघायचं ते एवढंच, की नंतर वाचता येतं का? निळा लोट पसरला, पान डागाळलं, तरी खाली अक्षराचा फिका सांगाडा उरतो का? सांगाडा उरला तर पावसात भिजलेल्या वहीतल्या नोट्स वाचवता येतात, आणि रोजच्या कामाला तेवढं पुष्कळ. बाटलीवर ‘पर्मनंट’ असा शब्द असला तरी ही परीक्षा घ्याच. तो शब्द कंपनीचा आहे, वही तुमची आहे.

पाण्याच्या जोडीने एका पट्टीवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंबही ठेवून पाहा. इथे रॉयल ब्लू कुळाचा स्वभाव कळतो. पेलिकन, लामी यांच्या रॉयल ब्लूसारख्या शाया शाईखोडणीच्या पेनाने पुसल्या जातात. या निळ्या रंगांच्या रेणूत मध्यभागी कार्बनचा एक अणू असतो आणि त्याला तीन कडी जोडलेली असतात. ही रचना सलग असते तोवर रंग दिसतो. खोडणीतलं रसायन त्या मधल्या कार्बनलाच जाऊन चिकटतं, सलगपणा तुटतो आणि निळं नाहीसं होतं. रंग कागदातच असतो, फक्त दिसत नाही. अशा काही शाया साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यातही फिक्या पडतात, आणि म्हणूनच गणवेशावरून निघतात. तुम्ही शाळेसाठी शाई घेत असाल तर सुती तुकड्यावर प्रत्येकीचा एकेक थेंब टाका, रात्रभर वाळवा, घरच्या पावडरीने नेहमीसारखं धुवा आणि वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहा. जी शाई इथे पहिली येईल, तिला रोजनिशीच्या यादीतून मात्र त्याच दिवशी खोडा.

शेवटची मोठी चाचणी उजेडाची. सगळ्यांत जास्त दगा इथेच होतो आणि बहुतेक लोक ती करतच नाहीत. जाड कागदाची एक लांब पट्टी घ्या. तिच्यावर प्रत्येक शाईने दोन ओळी लिहा आणि शेजारी कापसाच्या काडीने एकेक पट्टा रंगवा. पट्टीचा निम्मा भाग काळ्या पुठ्ठ्याने घट्ट झाका आणि ती उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. तशीच दुसरी पट्टी बंद वहीत ठेवा. दर आठवड्याला पुठ्ठा क्षणभर उचलून झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी पाहा, आणि वहीत साध्या शब्दांत लिहा: फरक नाही, किंचित फिकी, करडी झाली, ओळ वाचवत नाही. महिन्याअखेरीस दोन शायांतलं अंतर इतकं उघड होतं की वाद घालायची गरज राहत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांत सुंदर दिसलेली शाई इथे तळाला जाऊ शकते. म्हणून पहिल्या दिवसाच्या रंगाला मी फार कमी महत्त्व देतो. रंग पाहायचाच असेल तर पूर्ण वाळल्यावर, सकाळच्या उजेडात पाहा. एलईडीच्या दिव्याखाली जांभळट झाक असलेल्या आणि नसलेल्या निळ्या एकसारख्या वाटू शकतात.

उजेडाची पट्टी खिडकीत आहे तोवर खर्चाचा हिशेब करून टाका. बाटल्यांची मापं वेगवेगळी असतात: कॅमलची ६० मि.ली., क्विंकची आपल्याकडची ३०, पेलिकनची मोठी ६२.५, वॉटरमनची ५०. त्यामुळे छापील किमतींची तुलना करू नका. किमतीला मापाने भागून एका मिलिलिटरचा दर काढा. मग पेनात सिरिंजने मोजून १ मि.ली. शाई भरा आणि संपेपर्यंत तुमच्याच वहीत लिहा. किती पानं झाली ते मोजा. दर भागिले पानं, म्हणजे एका पानाचा खर्च. हात राखून, कमी उतरणारी शाई जास्त पानं देते, त्यामुळे बाटलीला महाग वाटलेली शाई पानाला तितकी महाग पडत नाही. आकडे हाती आले की आणखी एक गोष्ट दिसते: पानामागे पडणारा फरक पैशांत असतो, रुपयांत क्वचितच. शाईच्या तुलनेत कागद कितीतरी महाग आहे. तेव्हा केवळ दहावीस रुपये वाचावेत म्हणून, पाण्यात आणि उन्हात हरलेली बाटली घेण्यात अर्थ नाही.

बाटली स्वतःही तपासा. आडवी करून ठेवली तर झाकणातून गळते का, तळाशी गाळ आहे का, वर तवंग किंवा कापसासारखं काही तरंगतं का, वास आंबूस आहे का. तरंगणारी वस्तू म्हणजे बुरशी. पावसाळ्यात ती धरते, आणि एकदा बाटलीत दिसली की शाई फेकायची, गाळून वापरायची नाही. त्या शाईने भरलेलं पेनही धुवून काढा.

निवड करताना गुण देऊन बेरीज करू नका. बेरजेत एक घातक दोष चार छोट्या गुणांखाली लपतो. सुरुवातीला लिहिलेलं वाक्य समोर ठेवा आणि जी शाई त्या कामात नापास झाली ती बाजूला करा, बाकी कितीही आवडली तरी. परीक्षेसाठी: उशिरा वाळणारी बाद, पुरवणीवर फुटणारी बाद. रोजनिशीसाठी: खिडकीत फिकी पडलेली बाद, पाण्यात सांगाडाही न उरलेली बाद. शाळेसाठी: कापडावर राहिलेली बाद. उरलेल्यांत जी गावात सहज मिळते ती घ्या. रोजनिशीच्या निकषावर एकही स्वस्त निळी उरली नाही, असंही होऊ शकतं. मग निळ्याचा हट्ट सोडून पेलिकनच्या ४००१ ब्लू-ब्लॅकसारखी लोहयुक्त शाई पाहा. तिच्यातलं लोह कागदावर हवेशी संयोग पावून काळपट होतं आणि पाण्याला जुमानत नाही. फक्त ती पेनात आठवडेच्या आठवडे वाळू द्यायची नाही.

निवडलेल्या बाटलीच्या तळाला उघडल्याची तारीख लिहा आणि ती कपाटात, अंधारात ठेवा. पुढच्या वेळी त्याच कंपनीची नवी बाटली आणली की पाण्याचा एक थेंब आणि खिडकीतली एक पट्टी एवढं पुन्हा करा. जुनी पट्टी वहीत जपून ठेवलेली असली, तर नवा घाणा पूर्वीसारखाच आहे की नाही ते शेजारी धरून पाहता येतं.